पाण्यात अधांतरी

१. बुडालेलं जहाज मध्येच अडकतं का?

समुद्राविषयी कुठेही बोलणं निघालं की हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. बुडालेलं जहाज पार तळाला जातं, की खालच्या दाट पाण्यात कुठेतरी अडकून लोंबकळत राहतं? विचारणाऱ्याचा तर्क असा असतो: खोल जावं तसा दाब वाढतो, दाबाने पाणी दाटतं, म्हणजे कुठेतरी पाणी लोखंडाइतकं जड होत असणार.

तर्काची दिशा बरोबर आहे, पण आकडे साथ देत नाहीत. समुद्राच्या पृष्ठभागावरच्या एक लिटर पाण्याचं वजन साधारण १,०२५ ग्रॅम भरतं. एक किलोमीटर खाली तेच १,०३२ ग्रॅमच्या आसपास जातं. अगदी अकरा किलोमीटर खोल गर्तेतही ते १,०७० च्या घरातच राहतं. एक लिटर लोखंड मात्र ७,८०० ग्रॅम. त्यामुळे जहाज वाटेत कुठेही थांबत नाही, थेट तळ गाठतं.

तरी हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जहाज सोडा. मुद्दाम अशी एखादी वस्तू बनवली, की जिचं दर लिटरमागे वजन १,०२५ आणि १,०३२ च्या मध्ये बसतं, तर?

हिशेब करून पाहू. दहा लिटर आकारमानाची एक बंद नळी घ्या. पृष्ठभागावर ती १०.२५ किलो पाणी बाजूला सारते आणि एक किलोमीटर खाली १०.३२ किलो. नळीचं वजन १०.३० किलो ठेवलं तर वर ती ५० ग्रॅमने जड ठरेल आणि बुडेल. खाली जाता जाता पाणी दाट होत जाईल आणि एक किलोमीटरच्या अलीकडेच दोन्ही वजनं जुळतील. तिथे नळी थांबेल. ढकलून आणखी खाली नेली तरी परत वर येईल, वर ओढली तर खाली जाईल. ना तळ, ना पृष्ठभाग, पाण्यात अधांतरी.

अट एकच: दाबाखाली नळीने पाण्यापेक्षा कमी आकसायला हवं. वजन बांधलेला हवेचा फुगा खाली सोडला तर चिरडून लहान होतो आणि जास्तच वेगाने बुडतो. धातूची किंवा काचेची जाड नळी मात्र पाण्याहून कमी आकसते. वरच्या हिशेबात ती अजिबात आकसत नाही असं आपण धरलं. प्रत्यक्षात थोडी आकसते, त्यामुळे मधली ७० ग्रॅमची खिडकी आणखी अरुंद होते. दहा किलोची वस्तू ग्रॅमा-ग्रॅमाने तोलावी लागते, ती यामुळेच.

एवढा खटाटोप कशासाठी, तर अशी नळी स्वतः कुठेही जात नाही. भोवतालचं पाणी जिकडे जाईल तिकडे ती जाते. समुद्राच्या पोटातलं पाणी कुठे चाललंय हे जाणून घ्यायचं तर त्याच्याबरोबर जाणारं काहीतरी हवं, आणि ही नळी नेमकं तेवढंच करते. तिला फ्लोट म्हणतात.

२. बांधकामाचे पाइप आणि कॉस्टिक सोडा

जॉन स्वॅलो या ब्रिटिश समुद्रशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये हे करून दाखवलं. साहित्य अगदी बाजारातलं: इमारतीच्या परांची बांधायला वापरतात ते अ‍ॅल्युमिनियमचे पाइप. ते जरा जड होते, म्हणून त्याने कॉस्टिक सोड्याने त्यांच्या भिंती झिजवून पातळ केल्या. एका पाइपात बॅटरी आणि ध्वनीचे ठोके सोडणारं यंत्र, आणि तरंगण्यासाठी जोडीला दुसरा रिकामा पाइप. जहाजावरून पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखाली ऐकणारे मायक्रोफोन सोडायचे आणि ठोका कुठल्या दिशेने येतो ते टिपत नळीच्या मागे मागे जायचं.

पहिली मोठी कसोटी १९५७ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यापलीकडे लागली. तिथे पृष्ठभागावर गल्फ स्ट्रीम हा बलाढ्य प्रवाह ईशान्येकडे धावतो. हेन्री स्टॉमेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने नुसत्या गणिताच्या जोरावर म्हटलं होतं, की त्याच्या खाली खोलवर उलट दिशेने, दक्षिणेकडे जाणारा प्रवाह असायला हवा. स्वॅलो आणि अमेरिकेतल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेचे व्हॅल वर्दिंग्टन यांनी दोन जहाजं नेऊन खोल पाण्यात फ्लोट सोडले. खालचे फ्लोट खरोखरच दक्षिणेकडे गेले. आधी भाकीत आणि मग मोजमाप, असं समुद्रशास्त्रात क्वचितच घडतं. तिथे ते घडलं.

दुसऱ्या कसोटीत भाकीत सपशेल आपटलं, आणि माझ्या मते महत्त्वाची तीच. किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात खोल पाणी अगदी संथ सरकत असणार, सेकंदाला फार तर एखादा सेंटिमीटर, असा सर्वांचा समज होता. तो तपासायला १९५९ मध्ये 'एरिज' नावाची शिडांची छोटी नौका बर्म्युडाच्या परिसरात नेली. बेत साधा होता. फ्लोट सोडायचे, बंदरात जायचं, काही आठवड्यांनी परत येऊन ते किती सरकले ते पाहायचं. इतक्या मंद गतीच्या वस्तू जाणार कुठे?

त्या गेल्याच. नौका परत येईपर्यंत फ्लोट ऐकू येण्याच्या टापूबाहेर निघून गेलेले असत. वेग अपेक्षेच्या दहापट निघाला, आणि दिशेचा तर भरवसाच नाही: आज पश्चिमेला, तर काही आठवड्यांनी भलतीकडेच. शेजारी शेजारी सोडलेले दोन फ्लोटही वेगवेगळ्या वाटा धरत. खोल समुद्र म्हणजे एका दिशेने संथ सरकणारं पाणी, ही कल्पना १९६० मध्ये मोडीत निघाली. तिथे भोवरे होते. पन्नास-शंभर किलोमीटर रुंदीचे, आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने फिरणारे भोवरे. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये अटलांटिकच्या उष्ण भागात आणि अमेरिकन-ब्रिटिश तुकड्यांनी १९७३ मध्ये सारगासो समुद्रात मोठ्या मोहिमा करून त्यावर शिक्कामोर्तब केलं.

३. तू आहेस कुठे?

आता खरी अडचण. फ्लोट पाण्याबरोबर जातो हे ठीक, पण तो कुठे आहे हे कळणार कसं? फोनमधलं जीपीएस रेडिओलहरींवर चालतं, आणि समुद्राचं पाणी त्या लहरी पृष्ठभागाजवळच शोषून घेतं. प्रकाश जेमतेम काहीशे मीटर पोचतो. खोल पाण्यात लांबवर जाणारी एकच गोष्ट आहे, आवाज. फ्लोटच्या पुढच्या तीस वर्षांचा इतिहास हा मोजण्याचा कमी आणि शोधण्याचा जास्त आहे.

पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, पण सगळीकडे सारख्या वेगाने नाही. पाणी थंड झालं की आवाज मंदावतो, दाब वाढला की वेग घेतो. वरून खाली जाताना आधी तापमान झपाट्याने उतरतं, म्हणून वेग कमी होतो. पुढे तापमान जवळजवळ स्थिर राहतं आणि दाब वाढतच जातो, म्हणून वेग पुन्हा वाढतो. मध्ये एक थर असा येतो जिथे आवाज सर्वांत मंद असतो. अटलांटिकच्या समशीतोष्ण भागात तो एक ते सव्वा किलोमीटर खोलीवर आहे.

आवाजाची खोड अशी, की तो मंद वेगाच्या बाजूला वळतो. या थरात निघालेला आवाज वर जाऊ लागला की खाली वळतो, खाली जाऊ लागला की वर वळतो. पृष्ठभागाला आणि तळाला न आपटता तो थरातच कोंडून राहतो, म्हणून फारसा विरत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ मॉरिस युइंग यांनी दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, हे प्रयोगाने दाखवलं. एका लहानशा स्फोटाचा आवाज दीड हजार किलोमीटरच्या आसपास अंतरावर ऐकू आला.

समुद्रशास्त्रज्ञ टॉम रॉस्बी आणि अभियंते डग वेब यांनी याच थरात तरंगून खर्ज लावणारे फ्लोट बनवले आणि १९७० च्या दशकात ते दोन हजार किलोमीटरवरून ऐकू येऊ लागले. मागे मागे जहाज फिरवायची गरज संपली. पण खर्जातला सूर काढायला लांबलचक नळी लागते आणि तो काढत राहायला ढीगभर बॅटऱ्या. एकेक फ्लोट माणसाच्या दुप्पट-तिप्पट लांबीचा आणि काहीशे किलो वजनाचा झाला. असे पाण्यात सोडणार तरी किती?

१९८० च्या दशकात रॉस्बींनी सगळा मामला उलटा केला. ओरडण्याचं काम समुद्रतळाशी दोराने बांधलेल्या दोन-तीन ध्वनियंत्रांकडे दिलं, फ्लोटने फक्त ऐकायचं. ऐकायला वीज फारच कमी लागते. फ्लोट दहा किलोच्या आसपास वजनाच्या काचेच्या नळीवर आला. महिनोन्महिने ऐकलेल्या वेळा तो साठवून ठेवतो, ठरलेल्या दिवशी खालचं वजन टाकून वर येतो आणि सारी नोंद उपग्रहाला सांगतो.

त्यातून जागा कशी निघते ते पाहा. एक ध्वनियंत्र ठरल्याप्रमाणे बरोबर दुपारी बारा वाजता सूर सोडतं. फ्लोटला तो बारा वाजून दहा मिनिटांनी ऐकू येतो. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, गुणिले दीड, म्हणजे अंतर ९०० किलोमीटर. नकाशावर त्या यंत्राभोवती ९०० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. दुसऱ्या यंत्राचा सूर ४०० सेकंदांनी आला, तर त्याच्याभोवती ६०० किलोमीटरचं. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. बहुतेक वेळा त्यातलं एक ठिकाण अशक्य असतं, कारण काल फ्लोट भलतीकडे होता. शंका उरलीच तर तिसरं यंत्र ती मिटवतं. घड्याळ एक सेकंद चुकलं तर दीड किलोमीटरची चूक होते. शंभर किलोमीटरच्या भोवऱ्यासाठी एवढी चूक चालून जाते.

४. एका भोवऱ्याचं चरित्र

अशा फ्लोटचा मार्ग नकाशावर काढला की सरळ रेघ क्वचितच मिळते. मिळतात वेटोळी. जत्रेतला गोल फिरणाऱ्या घोड्यांचा पाळणा चालू असतानाच ट्रकवर चढवून नेला, तर एका घोड्यावर बसलेल्या मुलाची वाट रस्त्यावर कशी उमटेल? मूल गोल फिरतंय आणि ट्रक पुढे जातोय, म्हणून एकात एक गुंतलेली वेटोळी. फ्लोटचंही तेच. वेटोळ्याच्या आकारावरून तो भोवऱ्याच्या केंद्रापासून किती दूर आहे ते कळतं आणि वेटोळी कुठे सरकतायत त्यावरून भोवरा कुठे चाललाय ते.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण भूमध्य समुद्राच्या दारात सापडतं. भूमध्यातून जितकं पाणी वाफ होऊन उडतं तितकं नद्या आणि पाऊस मिळून भरून काढत नाहीत, म्हणून तिथलं पाणी खारट आणि जड होतं. ते जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून तळालगत अटलांटिकमध्ये उतरतं, साधारण एक किलोमीटर खोलीवर स्थिरावतं आणि पोर्तुगालचा किनारा धरून जातं. सेंट व्हिन्सेंट भूशिराशी किनारा एकदम वळतो. तिथे या पाण्याचा लचका तुटतो आणि स्वतःभोवती फिरत भर समुद्रात निघून जातो. हा झाला मेडी: चाळीस ते शंभर किलोमीटर रुंदीची, काहीशे मीटर जाडीची, खारट आणि उबदार पाण्याची फिरती चकती. फिरत राहिल्यामुळे ती पटकन विस्कटत नाही.

त्यांतल्या एका मेडीत सोडलेल्या फ्लोटांचा ऑक्टोबर १९८४ पासून दोन वर्षं माग काढला गेला. या काळात तो मेडी सुमारे १,१०० किलोमीटर दक्षिणेकडे गेला. म्हणजे दिवसाला दीड किलोमीटर, सेकंदाला पावणेदोन सेंटिमीटर. आता फिरण्याचा वेग पाहू. केंद्रापासून २० किलोमीटरवरचा फ्लोट सहा दिवसांत एक फेरी पूर्ण करतो असं धरा. फेरीचा घेर साधारण १२६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २४ सेंटिमीटर. फिरणं हे सरकण्याच्या तेरा-चौदा पट. एकाच ठिकाणी खांब रोवून प्रवाह मोजणाऱ्याला हे दोन वेग वेगळे करणं महाकठीण गेलं असतं. त्याला आज उत्तरेकडे ओढ दिसली असती, तीन दिवसांनी दक्षिणेकडे, आणि महिन्याने काहीच नाही.

दोन वर्षांत तो मेडी कडेकडेने झिजत जवळजवळ संपला. त्याच सुमारास पाळतीवर असलेल्या दुसऱ्याचा शेवट वेगळा झाला. साडेआठ महिन्यांत ५३० किलोमीटर गेल्यावर तो पाण्याखालच्या हिएर या डोंगरावर आदळला. आत गुण्यागोविंदाने फिरणारे फ्लोट एकेक करून बाहेर फेकले गेले आणि त्यांची वेटोळी थांबली. कोणत्याही उपग्रहाला ही टक्कर अशी दिसली नसती.

१९९३-९४ मध्ये पोर्तुगालच्या दक्षिणेला वर्षभर थोडे थोडे फ्लोट सोडून मेडींचा जन्मही पाहिला गेला आणि वर्षाला पंधरा-वीस मेडी जन्मतात असा अंदाज निघाला. गंमत अशी, की ज्या भोवऱ्यामुळे मेडी ही कल्पना पुढे आली, तो १९७६ मध्ये बहामाजवळ, अटलांटिकच्या पार दुसऱ्या टोकाला सापडला होता. पुढे १९९९ मध्ये खुद्द रॉस्बी आणि त्यांच्या सहकाऱ्याने लिहिलं, की तो बहुधा भूमध्यातून आलेलाच नव्हता. कल्पना खरी निघाली, पहिला पुरावा मात्र डळमळीत.

५. दहा दिवसांचा फेरा

आज बातम्यांत येतात ते आर्गो फ्लोट. यांनी ध्वनियंत्रांची झंझटच ठेवली नाही. हा फ्लोट वजन तेच ठेवून आकारमान बदलतो. पोटातलं साधारण पाव लिटर तेल पंपाने बाहेरच्या रबरी पिशवीत ढकललं की तो फुगतो आणि वर येतो. तेल आत घेतलं की आकसतो आणि बुडतो. एक किलोमीटर खोलीवर नऊ-एक दिवस प्रवाहाबरोबर वाहायचं, मग दोन किलोमीटरपर्यंत उतरायचं आणि तिथून वर येता येता तापमान, क्षारता आणि दाब नोंदवत यायचं. वर येऊन उपग्रहाला सगळं सांगायचं आणि पुन्हा बुडी. बॅटरी टिकते चार-पाच वर्षं. २००० च्या सुमारास सुरुवात झाली, नोव्हेंबर २००७ मध्ये तीन हजारांचा पल्ला गाठला गेला, आणि आता जगभर चार हजारांच्या आसपास फ्लोट कामावर असतात.

फ्लोटची जागा फक्त तो वर आल्यावर कळते. दहा दिवसांत तो ४० किलोमीटर सरकला, तर सरासरी वेग सेकंदाला साडेचार सेंटिमीटरच्या थोडा वर. मधल्या काळात तो सरळ गेला की दीड गिरकी घेऊन आला, हे त्याला विचारून उपयोग नाही. सहा दिवसांत फेरी मारणारा भोवरा दहा दिवसांनी एकदा डोकावणाऱ्याला कळणार कसा? शिवाय दोन फ्लोटांमधलं अंतर सरासरी तीनशे किलोमीटर, त्यामुळे शंभर किलोमीटरचा भोवरा मधून सहज निसटतो. म्हणून 'आर्गो भोवऱ्यांचा माग काढतो' असं सरसकट लिहिलं जातं ते अर्धसत्य आहे. माग काढायला अजूनही आवाज ऐकणारे फ्लोटच हवेत.

आर्गोचा उपयोग दुसराच. भोवऱ्यामुळे समुद्राचा पृष्ठभाग दहा-वीस सेंटिमीटर फुगतो किंवा दबतो आणि उपग्रह १९९२ पासून ते मोजतायत. उपग्रहाला भोवरा दिसतो, पण त्याच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. नेमक्या त्या भोवऱ्यात एखादा आर्गो फ्लोट वर आला की आतलं तापमान आणि क्षारता दोन किलोमीटरपर्यंत कळते. अशा हजारो गाठीभेटी एकत्र केल्या की सरासरी भोवरा आतून कसा असतो याचं चित्र तयार होतं.

६. आपल्या बाजूचा समुद्र

स्वॅलो आपल्या समुद्रातही येऊन गेला. १९६४ च्या पावसाळ्यात, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत, तो 'डिस्कव्हरी' जहाजावरून सोमालियाच्या किनाऱ्याजवळ प्रवाह मोजत होता. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या रेट्याने तिथे पृष्ठभागाचं पाणी सेकंदाला तीन मीटरहूनही जास्त वेगाने उत्तरेकडे धावतं आणि हिवाळ्यात हा प्रवाह चक्क उलटतो. पावसाळ्यात तिथे चारशे-पाचशे किलोमीटर रुंदीचा जो भोवरा तयार होतो त्याला 'ग्रेट व्हर्ल' म्हणतात. त्याच मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती आज गोव्यात दोना पावलाला आहे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो, आणि हिवाळ्यात लक्षद्वीपजवळ पाणी फुगून एक मोठा भोवरा तयार होतो. या दोन्हींची कारणं उलगडण्यात या संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे.

अरबी समुद्राच्या पोटातही खारट पाण्याचे थर आहेत, एक इराणच्या आखातातून येणारा आणि त्याच्या खाली दुसरा तांबड्या समुद्रातून येणारा. तांबड्या समुद्राचं पाणी एडनच्या आखातातून बाहेर कसं पडतं हे पाहायला २००१ ते २००३ दरम्यान पन्नासेक ऐकणारे फ्लोट सोडले गेले. ते पाणी सरळ न येता खोलवर फिरणाऱ्या भोवऱ्यांतून ढवळून निघत येतं, असं दिसलं. या कामात पुढे असलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञ एमी बोवर यांची दृष्टी तरुणपणापासून अधू होत गेली आहे. फ्लोटांचे मार्ग त्या बोलणाऱ्या संगणकाच्या साहाय्याने अभ्यासतात.

भारताचे आर्गो फ्लोट २००२ पासून पाण्यात आहेत आणि त्यांचं काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाहते. चक्रीवादळाला बळ पृष्ठभागाच्या तापमानाइतकंच त्याखालच्या उबदार थराच्या जाडीतून मिळतं. थर पातळ असेल तर वादळच खालचं थंड पाणी वर ढवळून स्वतःला कमजोर करतं. ही जाडी उपग्रहाला थेट मोजता येत नाही, फ्लोटला येते. आर्गोच्या सर्व नोंदी कोणालाही फुकट पाहता येतात.

बॅटरी संपलेले बहुतेक फ्लोट समुद्रातच राहतात, पण काही किनाऱ्याला लागतात किंवा मासेमारीच्या जाळ्यात येतात. माणसाच्या कमरेएवढं उंच नळकांडं, वर अँटेना आणि अंगावर चिकटवलेली पट्टी. असा एखादा हाती लागला तर घाबरून जाऊ नका आणि उघडायचा प्रयत्नही करू नका, कारण आत दाब आणि लिथियमच्या बॅटऱ्या असू शकतात. पट्टीवर कोणाला कळवायचं ते लिहिलेलं असतं. तिथे किंवा जवळच्या बंदर कार्यालयात कळवा, आणि सापडल्याची जागा आणि तारीख लिहून ठेवा.